विषाणूच्या मागून येणारी बुरशी: कल्याण-डोंबिवलीच्या संदर्भात एक आढावा

श्वसनमार्गाच्या विषाणूजन्य आजाराने अत्यवस्थ झालेला रुग्ण पुष्कळदा मूळ विषाणूपेक्षा, त्या विषाणूने दुबळ्या केलेल्या शरीरात मागाहून शिरलेल्या दुसऱ्या जंतूमुळे दगावतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला जुनीच आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झा साथीतील बहुसंख्य मृत्यूंमागे जिवाणूंमुळे झालेला न्यूमोनिया होता, असे त्या काळी जपून ठेवलेल्या फुफ्फुसांच्या नमुन्यांच्या पुनर्तपासणीत आढळले. जिवाणूंची ही भूमिका लवकर मान्य झाली. बुरशीची मान्य व्हायला मात्र जवळजवळ एक शतक जावे लागले, आणि महाराष्ट्राला तिची ओळख पटली ती २०२१ च्या उन्हाळ्यात, कोविडची दुसरी लाट ओसरू लागली असताना. त्या वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात कल्याण-डोंबिवली परिसरातील दोन रुग्ण, एक कल्याण तालुक्यातील म्हारळचा आणि दुसरा डोंबिवलीचा, म्युकरमायकोसिसने मरण पावल्याची आणि आणखी सहा जणांवर उपचार सुरू असल्याची माहिती महापालिकेच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिली, तेव्हा तोवर नाक-कान-घसा तज्ज्ञांच्या पाठ्यपुस्तकात राहिलेला हा शब्द ठाणे जिल्ह्यातील घराघरांत पोहोचला. विषाणू आणि बुरशी यांचा संबंध नेमका कसा जुळतो, २०२१ मध्ये तो इतका घातक का ठरला, त्याविषयीचा पुरावा काय सांगतो आणि डोंबिवलीसारख्या शहरातील आरोग्यव्यवस्थेत त्याला कोठे अडवता आले असते, या प्रश्नांचा विचार येथे केला आहे.

अत्यवस्थ रुग्णांना ग्रासणाऱ्या बुरशी मुख्यतः तीन प्रकारच्या असून त्यांचे शरीरात शिरण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत. पहिली ॲस्परजिलस, हिचे अतिसूक्ष्म बीजाणू, म्हणजे वाऱ्यावर तरंगणारे प्रजननकण, प्रत्येक माणूस रोज श्वासाबरोबर आत घेत असतो, आणि निरोगी फुफ्फुसातील भक्षक पेशी त्यांचा तिथल्या तिथे फडशा पाडतात. दुसरी म्युकोरेल्स या गणातील बुरशी, जिच्यातील ऱ्हायझोपस ही प्रजाती शिळ्या पावावर, कुजक्या फळांवर आणि ओलसर मातीत सहज आढळते; तिच्यामुळे होणाऱ्या आजाराला म्युकरमायकोसिस म्हणतात. तिसरी कॅन्डिडा, जी एकपेशीय किण्वाच्या रूपात माणसाच्या आतड्यात आणि त्वचेवर आधीपासूनच वस्तीला असते आणि शिरेत घातलेल्या नळ्यांवाटे किंवा दुबळ्या झालेल्या आतड्याच्या भिंतीतून रक्तात उतरते. पहिल्या दोन बुरशी बाहेरून श्वासावाटे येतात आणि तिसरी बहुधा शरीरातूनच किंवा रुग्णालयातील हातांवरून येते, हा भेद प्रतिबंधाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

विषाणूजन्य आजार आणि ॲस्परजिलस यांच्या नात्याचा भक्कम पुरावा प्रथम इन्फ्लुएन्झाच्या संदर्भात मिळाला. २००९ च्या एच१एन१ साथीनंतर असे रुग्ण तुरळकपणे नोंदले जाऊ लागले होते. परंतु नेदरलँड्स आणि बेल्जियममधील सात अतिदक्षता विभागांतील ४३२ इन्फ्लुएन्झा रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात ८३ जणांना, म्हणजे १९ टक्क्यांना, फुफ्फुसात पसरणारा ॲस्परजिलोसिस झाल्याचे दिसले. नव्वद दिवसांतील मृत्यूचे प्रमाण या रुग्णांत ५१ टक्के, तर केवळ इन्फ्लुएन्झा असलेल्यांत २८ टक्के होते. तोवर हा आजार रक्ताचा कर्करोग, अवयव-प्रत्यारोपण किंवा प्रदीर्घ प्रतिकारहीनता असलेल्यांचा मानला जात असे. एरवी धडधाकट असलेल्या माणसाला केवळ फ्लूने व्हेंटिलेटरवर नेले म्हणून त्याची फुफ्फुसे बुरशीला खुली होतात, ही कल्पना या अभ्यासाने रूढ केली. विषाणू श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशी नष्ट करतो, त्या अस्तरावरील सूक्ष्म केसांची सफाई बंद पडते, भक्षक पेशींची बीजाणू मारण्याची क्षमता घटते, आणि त्यावर दाह आवरण्यासाठी दिलेली स्टेरॉइड औषधे उरलेला प्रतिकारही मंदावतात.

कोविडच्या साथीत हाच क्रम पुन्हा दिसला, पण त्याचे मोजमाप फार अवघड ठरले. फुफ्फुसातील ॲस्परजिलसचे निदान करण्याचा विश्वासार्ह मार्ग म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून फुफ्फुसाचा भाग खारट पाण्याने धुऊन घेणे आणि त्या धुवणात गॅलॅक्टोमॅनन हा बुरशीच्या भित्तिकेतील घटक शोधणे. २०२० मध्ये ही दुर्बीण तपासणी जंतुकण उडण्याच्या भीतीने बहुतेक ठिकाणी टाळली गेली, आणि म्हणून युरोपातील वेगवेगळ्या रुग्णालयांनी दिलेले आकडे अगदी अल्प प्रमाणापासून सुमारे एकतृतीयांशापर्यंत पसरलेले आहेत. शवविच्छेदनांत ऊतीत शिरलेली बुरशी अपेक्षेपेक्षा कमी वेळा आढळल्याने काही अभ्यासकांनी या साऱ्या निदानाविषयीच शंका घेतली. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने निदानाला निश्चित, बहुधा आणि शक्य अशा तीन पायऱ्या ठरवून दिल्या त्या याच अनिश्चिततेमुळे. श्वासनलिकेत बुरशी सापडणे आणि तिने फुफ्फुसाच्या ऊतीत मुळे रोवणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि मरणासन्न रुग्णात त्या वेगळ्या ओळखणे कठीण असते, एवढे तरी या वादातून पक्के झाले.

भारतात आणि विशेषतः महाराष्ट्रात ॲस्परजिलसचा हा शास्त्रीय वाद मागे पडला, कारण म्युकरमायकोसिसने सर्वांचे लक्ष वेधून घेतले. या आजाराचे सविस्तर वर्णन ऑस्ट्रियातील विकृतिशास्त्रज्ञ आर्नोल्ड पाल्टाउफ यांनी १८८५ मध्ये केले होते. बुरशीचे धागे रक्तवाहिन्यांच्या भिंती भेदून आत शिरतात, तेथे रक्त गोठते, पुढच्या ऊतीला रक्तपुरवठा तुटतो आणि ती मरून काळी पडते. नाकातील किंवा टाळूवरील काळा डाग ही या मेलेल्या ऊतीची खूण असते. आजार बहुधा नाकाशेजारच्या पोकळ्यांत सुरू होतो, तेथून टाळू, गालाचे हाड आणि डोळ्याची खोबण यांच्याकडे सरकतो, आणि खोबणीतून मेंदूपर्यंत पोहोचला की उपचारांना यश येण्याची शक्यता झपाट्याने घटते. सारा प्रवास कधीकधी एका आठवड्याच्या आत पुरा होतो. फुफ्फुसातील म्युकरमायकोसिस हा याचाच दुसरा प्रकार. त्याचे निदान आणखी अवघड असल्यामुळे तो प्रत्यक्षापेक्षा कमी नोंदला गेला असण्याचा संभव मोठा आहे.

ही बुरशी मधुमेही शरीरात का फोफावते, याचे उत्तर लोहाशी निगडित आहे. बुरशीच्या वाढीला लोह लागते आणि एरवी रक्तातील लोह ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाने घट्ट धरून ठेवलेले असते. मधुमेह अनियंत्रित होऊन रक्तात कीटोन आम्ले साचली, म्हणजे केटोॲसिडोसिस ही अवस्था आली, की रक्ताची आम्लता वाढते, ट्रान्सफेरिनची पकड सुटते आणि बुरशीला मोकळे लोह मिळते. त्याच वेळी रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर जीआरपी-७८ या प्रथिनाचे प्रमाण वाढते आणि बुरशीच्या पृष्ठभागावरील कॉटएच प्रथिने नेमकी त्यालाच चिकटून आत शिरतात. वाढलेली साखर भक्षक पेशींना सुस्त करते ती वेगळीच. कोविडने या प्रत्येक दुव्यावर भर घातली: विषाणूने रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावले, दाहामुळे फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनाची पातळी उंचावली, लिम्फोसाइट पेशींची संख्या घटली, आणि आजाराच्या ताणाने व औषधांनी मिळून साखर चढवली. डेल्टा उपप्रकाराच्या अंगीच बुरशीला पोषक असे काही होते का, हा प्रश्न त्या काळी पुष्कळ चर्चिला गेला. ज्याचे सर्वांत जुने नमुने महाराष्ट्रातून आलेल्या संकलनात सापडले, त्या उपप्रकाराच्या लाटेतच बुरशीचा उद्रेक झाला, हे खरे. परंतु त्या लाटेत आजारी पडलेल्यांची आणि स्टेरॉइड घेतलेल्यांची संख्याही पूर्वी कधी नव्हती इतकी मोठी होती, त्यामुळे विषाणूच्या स्वभावाचा वाटा यातून वेगळा काढणे शक्य झालेले नाही.

भारतात हा आजार कोविडपूर्व काळापासूनच जगाच्या मानाने फार जास्त होता. दर दहा लाख लोकसंख्येमागे सुमारे १४० रुग्ण असा भारताविषयीचा अंदाज चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आला असून, तो जागतिक सरासरीच्या सुमारे सत्तर पट मानला जातो. याचा अर्थ असा की २०२१ मधील बुरशी कोठून आयात झालेली नव्हती. तिचे बीजाणू येथील हवेत आणि मातीत होतेच, मधुमेहाचे प्रमाण वाढत होतेच, आणि म्युकरमायकोसिसने आजारी पडूनच स्वतःला मधुमेह असल्याचे प्रथम कळलेले रुग्ण भारतीय रुग्णालये कोविडच्या आधीपासून पाहत होती. विषाणूने जुन्या दुखण्याला नवे निमित्त दिले.

स्टेरॉइडचा प्रश्न या साऱ्याच्या केंद्रस्थानी आहे, आणि त्याविषयी बोलताना दोन्ही बाजू सारख्याच गांभीर्याने मांडणे आवश्यक आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीने दाखवून दिले की, रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त दहा दिवस दिल्यास व्हेंटिलेटरवरील रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर येते आणि केवळ प्राणवायू लागणाऱ्यांत ते २६.२ वरून २३.३ टक्क्यांवर उतरते. कोविडमध्ये जीव वाचवणारे हे पहिले सिद्ध औषध होते आणि ते स्वस्त होते. परंतु त्याच चाचणीत प्राणवायूची गरज नसलेल्या रुग्णांना औषधाचा काहीही लाभ झाला नव्हता. त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत १७.८ आणि न घेणाऱ्यांत १४ टक्के होते. चाचणीचा हा दुसरा निष्कर्ष दुसऱ्या लाटेच्या घबराटीत हरवला. ताप आल्यापासून तिसऱ्या-चौथ्या दिवशी, प्राणवायूची पातळी उत्तम असताना, सीटी स्कॅनमधला गुणांक पाहून स्टेरॉइड सुरू करणे, मात्रा दुप्पट-तिप्पट करणे, एका कुटुंबाला लिहून दिलेली औषधांची यादी मोबाइलवरून दुसऱ्या कुटुंबाने उचलणे, हे प्रकार सर्रास घडले. खाटा मिळत नसताना घरीच उपचार करणाऱ्या कुटुंबांची आणि शेकडो फोन घेणाऱ्या डॉक्टरांची त्या एप्रिलमधील अगतिकता लक्षात घेऊनही, औषध लवकर आणि जास्त दिले तर अधिक चांगले, हा समज घातक होता असेच म्हणावे लागते.

भारतातील मोठ्या अभ्यासांनी या निरीक्षणाला आकड्यांचा आधार दिला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात सोळा केंद्रांत झालेल्या पाहणीत म्युकरमायकोसिसचे २८७ रुग्ण आढळले, त्यांतील १८७ जणांना कोविड होऊन गेला होता किंवा झालेला होता. आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यांच्या तुलनेत एकूण रुग्ण दुपटीहून थोडे अधिक वाढले होते. म्हणजे दुसऱ्या लाटेच्या चार-पाच महिने आधीच धोक्याची सूचना मिळालेली होती. या अभ्यासात रक्तातील प्राणवायूची घट आणि स्टेरॉइडचा अयोग्य वापर हे दोन घटक उशिरा उद्भवलेल्या म्युकरमायकोसिसशी जोडलेले आढळले, आणि जवळजवळ एकतृतीयांश कोविडग्रस्तांत कोविडखेरीज दुसरा कोणताही पूर्वाजार नव्हता. पुढे नेत्रतज्ज्ञांनी देशभरातील २,८२६ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा ७८ टक्क्यांना मधुमेह होता आणि ८७ टक्क्यांनी स्टेरॉइड घेतले होते. केंद्र सरकारने २८ जून २०२१ रोजी जाहीर केलेल्या ४०,८४५ रुग्णांत मात्र मधुमेहींचे प्रमाण ६४ टक्के आणि स्टेरॉइड घेतलेल्यांचे सुमारे ५३ टक्के दिले होते. या दोन आकड्यांतील तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही. सरकारी नोंद जिल्ह्याजिल्ह्यांतून घाईने भरलेल्या तक्त्यांवर उभी होती, आणि घरी घेतलेल्या गोळ्या अशा तक्त्यात बहुधा उतरत नाहीत; त्यामुळे तज्ज्ञांनी रुग्णाची सविस्तर हकीकत विचारून गोळा केलेला आकडा वास्तवाच्या अधिक जवळचा मानणे सयुक्तिक ठरते.

इतर अनेक कारणेही सुचवली गेली. औद्योगिक वापराचा प्राणवायू, आर्द्रता राखणाऱ्या बाटलीत भरलेले नळाचे पाणी, वाफारे, मळके मास्क, जस्ताच्या गोळ्या, अशी ती यादी आहे. यांपैकी जस्ताला पंचवीस केंद्रांतील नंतरच्या एका तुलनात्मक अभ्यासाने काही आधार दिला, कारण तेथे मधुमेह, स्टेरॉइड आणि ग्रामीण वास्तव्य यांच्याबरोबर जस्ताचे सेवनही रुग्णांत अधिक आढळले. पण असा सहसंबंध म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे. प्राणवायूच्या सिलिंडरविषयीचा संशय लोकांच्या मनात सर्वांत खोल रुजला असला, तरी प्राणवायू कधीच न घेतलेले असंख्य रुग्ण याच आजाराने दाखल झाले होते, आणि एवढ्या एका गोष्टीने तो संशय पुष्कळसा दुबळा होतो. बाटलीत निर्जंतुक पाणी वापरणे आवश्यकच आहे. तरीही ज्या बुरशीचे बीजाणू पावसाळ्यात ओल धरलेल्या प्रत्येक भिंतीच्या आसपास आणि प्रत्येक कुंडीच्या मातीत असू शकतात, तिला शरीराबाहेर अडवण्यापेक्षा शरीरातील साखर आणि औषधाची मात्रा आवरणे हाच अधिक खात्रीचा उपाय आहे.

कल्याण-डोंबिवलीची परिस्थिती या ठिकाणी नीट पाहिली पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेबारा लाख लोकवस्तीच्या या जोडशहराच्या महापालिकेकडे कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर अशी दोन प्रमुख रुग्णालये होती. स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय नव्हते, आणि गुंतागुंतीचा रुग्ण कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाकडे किंवा मुंबईकडे पाठवण्याची वहिवाट होती. रोजची वैद्यकीय गरज भागते ती मुख्यतः खाजगी दवाखाने आणि लहान नर्सिंग होम यांच्यावर. कोविडच्या काळात महापालिकेने याच खाजगी डॉक्टरांना संघटितपणे सोबत घेतले, डोंबिवलीच्या सावळाराम महाराज क्रीडा संकुलात कोविड रुग्णालय उभे केले, आणि केंद्राच्या स्मार्ट सिटी पुरस्कारांत कोविडविषयक नवोपक्रमाचा पुरस्कार कल्याण-डोंबिवली आणि वाराणसी यांना विभागून मिळाला. हे काम खरोखर मोठे होते. तरीही त्या काळातील देशभरच्या साऱ्या यंत्रणांप्रमाणे येथील यंत्रणाही खाट, प्राणवायू आणि व्हेंटिलेटर यांच्याभोवती बांधलेली होती. रुग्ण बरा होऊन घरी गेला की तो यंत्रणेच्या नजरेतून सुटत असे. म्युकरमायकोसिस नेमका त्याच उंबरठ्यावर गाठतो. नेत्रतज्ज्ञांच्या वर उल्लेखिलेल्या पाहणीत कोविडच्या निदानानंतर सरासरी दोन आठवड्यांच्या आसपास लक्षणे सुरू झालेली दिसली, म्हणजे पुष्कळ रुग्ण त्या वेळी रुग्णालयातून घरी आले होते किंवा येण्याच्या बेतात होते.

घरी आलेल्या रुग्णाच्या साखरेचा प्रश्न वरवर दिसतो त्याहून नाजूक आहे. सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडमुळे साखर चढते ती दुपारनंतर आणि संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत ती पुन्हा उतरलेली असू शकते. त्यामुळे उपाशीपोटीच्या एकाच चाचणीवर विसंबणाऱ्या रुग्णाला आपली साखर ठीक असल्याचे वाटते, आणि दिवसातील अर्धा काळ ती तीनशेच्या वर असली तरी कोणालाच कळत नाही. दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणाआधी बोटातून थेंबभर रक्त घेऊन केलेली तपासणी हा दोष दूर करते; ती करण्याचे यंत्र डोंबिवलीतील कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. रुग्णालयातून निघताना हातात दिलेल्या कागदावर स्टेरॉइड कोणत्या तारखेला बंद करायचे आणि तोवर साखर कोणत्या वेळांना तपासायची, या दोन ओळी असणे आणि तिसऱ्या दिवशी एक फोन येणे, एवढ्याने किती डोळे वाचले असते याचा हिशेब आता मांडता येणार नाही. पण या आजाराच्या प्रतिबंधात इतका स्वस्त आणि इतका परिणामकारक दुसरा उपाय नव्हता, असे उपलब्ध पुराव्यावरून वाटते.

लक्षणांच्या बाबतीतही वेळ फार गेला. एका बाजूचे नाक चोंदणे, त्यातून काळपट किंवा रक्तमिश्रित स्राव येणे, एका बाजूचा गाल दुखणे किंवा बधिर होणे, वरचे दात अचानक हलू लागणे, पापणी उतरणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे ही या आजाराची सुरुवातीची चिन्हे. दात हलतो म्हणून दंतवैद्याकडे, डोळा सुजला म्हणून नेत्रतज्ज्ञाकडे आणि नाक चोंदले म्हणून घरगुती वाफेकडे वळलेल्या रुग्णाचे दोन-चार दिवस निघून जातात. निदानाची पहिली पायरी साधी आहे: दुर्बिणीने नाकातून ऊतीचा तुकडा घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, रुंद, फितीसारखे, जवळजवळ काटकोनात फुटणारे आणि आडपडदे नसलेले धागे दिसले की उपचार त्याच दिवशी सुरू करता येतात. बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची पद्धत अनेकदा अपयशी ठरते, आणि ॲस्परजिलससाठी उपयोगी पडणारी गॅलॅक्टोमॅनन चाचणी या बुरशीला ओळखतच नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकावर बसणारा प्रशिक्षित माणूस हाच येथे निर्णायक असतो. वैद्यकीय महाविद्यालय नसलेल्या शहरांत असा माणूस दुर्मीळ असतो, आणि कवकशास्त्र म्हणजे बुरशींचा अभ्यास हा विषय वैद्यकीय शिक्षणात दीर्घकाळ कोपऱ्यात राहिल्याची ती परिणती आहे.

उपचारांत शस्त्रक्रिया आणि औषध ही दोन्ही अंगे अटळ आहेत, कारण मेलेल्या ऊतीत रक्त पोहोचत नाही आणि रक्ताबरोबर जाणारे औषधही पोहोचत नाही. मुख्य औषध ॲम्फोटेरिसिन-बी. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या परिसरातील मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून १९५० च्या दशकात मिळालेले हे औषध बुरशीइतकेच मूत्रपिंडालाही जाचते. ते मेदाच्या सूक्ष्म पुटिकांत, म्हणजे लायपोसोममध्ये, बंद करून दिले की हा उपद्रव बराच घटतो, पण किंमत अनेक पटींनी वाढते. लायपोसोमल औषधाची मात्रा वजनाच्या दर किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम, आणि मेंदूला धक्का असल्यास १० पर्यंत. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या लागतात. तीन आठवड्यांच्या उपचाराला १२६. मे २०२१ मध्ये एका कुपीची किंमत सुमारे ७,००० रुपये सांगितली जात होती, त्या दराने केवळ या एका औषधाचा खर्च ८ लाख ८२ हजारांवर जातो, तर ज्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून राज्य सरकारने हा आजार मोफत उपचारांत घेतला तिची कुटुंबामागील वार्षिक मर्यादा त्या वेळी दीड लाख रुपये होती. सरकारने औषधाचा भार या मर्यादेबाहेर स्वतः उचलण्याचा निर्णय घेतला तो योग्यच होता. खाजगी रुग्णालयांच्या दरांवरही जूनमध्ये शहरांच्या वर्गवारीनुसार कमाल मर्यादा आली.

पैसे असूनही औषध मिळत नव्हते, हा त्या मे महिन्यातला दुसरा आणि अधिक क्लेशदायक भाग. डोंबिवलीहून रेल्वेने पाचव्या स्थानकावर असलेल्या अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्स या कंपनीचा कारखाना आहे, आणि हे औषध देशात बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांपैकी ती एक. तरीही कल्याण-डोंबिवलीतील नातेवाईकांना मुंबई-पुण्यापर्यंत हिंडावे लागत होते, कारण एरवीची मागणी धरून उभारलेले उत्पादन महिन्याभरात अनेक पटींनी वाढणे शक्य नव्हते. केंद्राने राज्यवार वाटप हाती घेतले, आणखी पाच कंपन्यांना परवाने दिले, आणि मे महिन्याच्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफसायन्सेसने ॲम्फोटेरिसिनच्या इमल्शन प्रकाराचे उत्पादन सुरू करून कुपीची किंमत १,२०० रुपये ठेवली. १२ जूनला वस्तू व सेवा कर परिषदेने या औषधावरील कर शून्यावर आणला. तोवर उद्रेकाचा कळस होऊन गेला होता. २० जुलैच्या सुमारास संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशात ४५,३७४ रुग्ण आणि ४,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले होते, आणि ९,३४८ रुग्णांसह महाराष्ट्र सर्वांत पुढे होता.

या मृत्युसंख्येकडे पाहताना वाचलेल्यांचे काय झाले हे विसरता कामा नये. वरचा जबडा काढावा लागलेल्या माणसाला टाळूतील भोक बुजवणारी कृत्रिम कवळी बसेपर्यंत अन्न नाकातून येते आणि बोलणे इतरांना कळत नाही. ज्याचा डोळा खोबणीसकट काढला गेला त्याला कृत्रिम डोळ्याने दिसत नाही, पण चारचौघांत वावरता येते. अनेकांना पोसाकोनॅझोल या बुरशीनाशकाच्या गोळ्या पुढे कित्येक महिने घ्याव्या लागल्या. आजाराच्या साथीत आकडे रोज जाहीर होत होते; कवळी, कृत्रिम डोळा आणि जबड्याची पुनर्रचना यांच्या गरजेची तशी मोजदाद झाली नाही, आणि पुनर्वसनाचा हा भाग सार्वजनिक आरोग्याच्या हिशेबात अजूनही उपेक्षित आहे.

कॅन्डिडाचा विचार थोडक्यात पण स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण तिचा दोष साखरेपेक्षा रुग्णालयाच्या शिस्तीकडे अधिक बोट दाखवतो. जपानमध्ये २००९ मध्ये प्रथम वर्णिलेली कॅन्डिडा ऑरिस ही जात अनेक बुरशीनाशकांना दाद देत नाही आणि खाटेच्या कठड्यांवर, यंत्रांवर दीर्घकाळ टिकते. दिल्लीतील एका कोविड अतिदक्षता विभागात २०२० मध्ये रक्तात कॅन्डिडा आढळलेल्या पंधरा रुग्णांपैकी दहांत हीच जात निघाली. एकामागून एक रुग्ण तपासताना संपूर्ण संरक्षक पोशाख आणि त्यावरचे हातमोजे बदलता न येणे, शिरेतील नळ्या आठवडेच्या आठवडे राहणे आणि प्रतिजैविकांचा मुक्त वापर यांनी तिला वाट दिली. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये घातक बुरशींची पहिली प्राधान्ययादी प्रसिद्ध केली, तेव्हा कॅन्डिडा ऑरिस आणि ॲस्परजिलस फ्युमिगेटस यांना सर्वांत वरच्या गटात, तर म्युकोरेल्सला त्याखालच्या गटात स्थान मिळाले. भारताच्या अनुभवाच्या कसोटीवर म्युकोरेल्सचे हे स्थान कमी लेखणारे वाटते.

जानेवारी २०२२ च्या ओमायक्रॉन लाटेत रुग्णसंख्या प्रचंड असूनही म्युकरमायकोसिसचे रुग्ण तुरळकच दिसले. लसीकरण झालेले होते, विषाणू फुफ्फुसात खोल उतरत नव्हता, स्टेरॉइडचा वापर मोजका झाला होता आणि साखरेविषयी डॉक्टर व रुग्ण दोघेही सावध होते. या चारांपैकी कोणाचा वाटा किती, हे वेगळे करण्याजोगा पुरावा गोळा झालेला नाही. दर पावसाळ्यात ठाणे जिल्ह्यात एच१एन१ चे रुग्ण व्हेंटिलेटरपर्यंत पोहोचतात, आणि त्यांच्यावरही स्टेरॉइडचा वापर होतो, जरी इन्फ्लुएन्झात त्याचा लाभ सिद्ध झालेला नाही आणि ॲस्परजिलसचा धोका मात्र वाढतो. अशा रुग्णाची प्रकृती प्रतिजैविके देऊनही सुधारत नसेल, तर श्वासनलिकेतील स्राव बुरशीसाठी तपासणे ही आज अतिदक्षता विभागाकडून अपेक्षित गोष्ट आहे, आणि ती तपासणी कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीतच, नमुना घेतल्याच्या दिवशीच, होऊ शकेल अशी प्रयोगशाळा उभी करणे पुढच्या साथीची वाट न पाहता करण्याजोगे काम आहे.